चौदा मीटर

बोगोटाच्या दक्षिणेला, डांबरी रस्ता संपून
जिथं डोंगराच्या पायऱ्या लागतात,
तिथं माझं शिलाई मशीन आहे.
एप्रिलात त्याला काम नव्हतं.
नाचाच्या पथकाच्या घागऱ्यांसाठी आणलेलं
चौदा मीटर तांबडं कापड कपाटावर पडून.
त्याची उचल घेतलेली. खाऊनही झालेली.

मग कुणीतरी सांगितलं, पालिकेचा माणूस की रेडिओ,
आता नक्की आठवत नाही:
ज्या घरात चूल पेटत नाही, त्यांनी
खिडकीला लाल फडकं बांधावं.

पहिली आली योलिमा. माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हातभर दे, ओदिलिया. घरात लाल काहीच नाही.
त्याची फुटबॉलची जर्सी आहे, ती तो देत नाही."
मी सवयीनं गळ्यातला टेप काढला
आणि थांबले.
कशाचं माप घेणार होते?

तिच्याकडून मी दोन अंडी घेतली.
हे लिहायचं नव्हतं.

पाचव्या गिऱ्हाइकानंतर पैसे घेणं सोडलं.
मोठं मन वगैरे काही नाही,
द्यायला कुणाकडे उरलंच नव्हतं.

आठवड्यात अख्खा डोंगर तांबडा झाला.
वरून केबल कारचे रिकामे पाळणे जात-येत राहिले.
त्यातून कुणी बघितलं असतं
तर म्हणालं असतं, खाली जत्रा आहे वाटतं.

म्हातारा एवेलियो मात्र नऊ दिवस तयार होईना.
"आमच्या गावात दारावर खूण दिसली
की रात्रीच्या रात्री निघायचं असायचं.
तिथनं जीव घेऊन इथवर आलो,
आता खूण मीच करू? माझ्या हातानं?"
दहाव्या दिवशी त्यानं फडकं बांधलं,
मागच्या खिडकीला,
जिथं समोर नुसती दरड आहे.

सम तारखेला बायकांनी बाहेर पडायचं,
विषमला पुरुषांनी.
चौदा तारखेला कातेरीनला पोलिसानं अडवलं,
ओळखपत्र बघितलं, मग तिला, मग पुन्हा ओळखपत्र.
"तू नेमकी कोण?"
ती म्हणाली, "साहेब, आज तारीख कुठली, ते बघा की.
मी तांदूळ घ्यायला आलेय."
तांदूळ मिळाले. अर्धा किलो.
घरी येऊन ती बराच वेळ हात धूत बसली,
वीस सेकंदांच्या कितीतरी पुढं.

संध्याकाळी सहाला टीव्हीवर साहेब यायचे.
टाय, आलेख, मागे झेंडा.
घरी राहा, म्हणायचे, घर हीच ढाल.
आणि शनिवारी सकाळी, आमच्याही वर,
जिथं लोकांनी पत्रे आणि ताडपत्री ठोकून घरं केली होती,
तिथं शिरस्त्राणं घातलेली माणसं चढली.
दुपारपर्यंत पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते,
नीट, आकारवार.
एक बाई गादीवर बसून होती, उघड्यावर,
मास्क मात्र नाकावर व्यवस्थित.
सहा वाजता साहेब पुन्हा म्हणाले, घरी राहा.
मी टीव्हीचा आवाज बंद केला.
तोंड हलताना तेवढं बघत राहिले.

खोकं आलं, नाही असं नाही. बावीस दिवसांनी.
मसूर, तेल, गुळाची ढेप, ट्यूनाचा एक डबा,
आणि खोकं हातात धरून हसण्याची अट, फोटोसाठी.
योलिमा हसली नाही.
तिला दुसऱ्यांदा उभं केलं.

इथलं ऊन लाल रंग फार लवकर खातं.
ऑगस्टात सगळी फडकी गुलाबी झाली, मग मातकट.
काढली कुणीच नाहीत.
भूक संपली म्हणून काढायचं,
पण ती संपली हे ठरवणार कोण?

परवा पथकाच्या बाईंचा फोन आला.
घागरे तयार आहेत का?
म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांबा.
कापड कुठं आहे ते सांगितलं नाही.
केबल कारनं आल्या तर दिसेल.

योलिमानं पुन्हा कोंबड्या घेतल्यात, तीन.
रविवारी दारात येऊन विचारते, अंडी हवीत?
मी घेते. पैसे मोजून देते, दोन अंडी जास्तीची धरून.
ती दोन अंड्यांचे पैसे परत करते.
तेवढा वेळ आम्ही दोघी
एकमेकींच्या हाताकडे बघतो.